बेडकीचा पाला आणि बाबांच्या बंद झालेल्या गोळ्या

आडवाट | १२ मे, रात्री १०:१५

मंडळी, धागा थोडा घाईत काढतोय, विस्कळीत वाटला तर सांभाळून घ्या.

बाबा (वय ७१) कुडाळजवळ गावी एकटे असतात. मधुमेह चौदा वर्षांचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू होतं, शेवटचं एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची तपासणी) ७.४, म्हणजे बरं चाललं होतं. परवा आंब्यांसाठी गावी गेलो, तर गोळ्यांची पाकिटं देव्हाऱ्याखालच्या खणात तशीच. विचारलं तर म्हणाले, डिसेंबरपासून घेत नाही. शेजारच्या वाडीतल्या एका गृहस्थांनी त्यांना बेडकीचा पाला दाखवलाय. सकाळी अंशापोटी चार पानं आणि दुपारच्या चहाआधी दोन. कुंपणावरची वेल आहे, फुकटचं औषध.

मी वाद घालायला लागलो तर त्यांनी मलाच दोन पानं चघळायला दिली. कडवट, जरा तुरट. पाच मिनिटांनी चमचाभर साखर जिभेवर ठेवली. शपथेवर सांगतो, वाळू! खारं लागत होतं, आंबट लागत होतं, गोड मात्र साफ गायब. बाबा विजयी मुद्रेने म्हणाले, "साकर जिभेक लागतच नाय, तर आंगात वाढतली खंयसून?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. चूक आहे हे कळतंय, पण कुठे चूक आहे ते त्यांच्या भाषेत सांगता येत नाहीये. भरीला आता त्यांनी चहात साखर पुन्हा सुरू केलीय, दोन चमचे, कारण "पालो मारता तिका".

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आयुर्वेदाला शिव्या द्यायला हा धागा नाही आणि अ‍ॅलोपथीला द्यायलाही नाही.

खवटखोबरे | १२ मे, रात्री १०:४०

शेवटचं वाक्य वाचून धागा शंभरी गाठणार याची खात्री पटली. खुर्ची ओढून बसलो आहे.

खडीसाखर | १३ मे, सकाळी ७:०५

आमच्याकडे हिला गुडमार म्हणतात. नर्सरीतून आणून कुंडीत लावलीये. मुलांच्या वाढदिवसाला पाहुणी पोरं आली की हाच जादूचा प्रयोग. पान चघळायला लावायचं आणि मग केक द्यायचा. पोरांची तोंडं बघण्यासारखी होतात. क्रीम म्हणजे नुसतं वनस्पती तूप लागतं, चॉकलेट कडू. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने चव परत येते. घाबरू नका एवढंच सांगायला आले, जीभ कायमची बिघडत नाही.

साखरेवर उपयोग होतो का ते मला माहीत नाही. सासूबाई घेत नाहीत. त्या म्हणतात, गोड कळलंच नाही तर जगायचं कशाला.

पाणकणीस | १३ मे, सकाळी ९:२०

आधी वनस्पतीची खात्री करून घ्या, मग बाकीचं. जिम्नेमा सिल्व्हेस्टर, रुईच्या कुळातली काष्ठमय वेल. सह्याद्रीत, कोकणात, देशावरही झुडपांच्या आधाराने चढलेली दिसते. पानं समोरासमोर, लंबगोल, साधारण तीन ते पाच सेंटिमीटर, हाताला लव लागते. फुलं अगदी बारकी, पिवळसर, पानाच्या बगलेत झुबक्याने. शेंग भाल्याच्या पात्यासारखी निमुळती, वाळून तडकली की आतून रेशमी शेंडीवाल्या बिया उडतात.

दोन घोटाळे नेहमी होतात.

पहिला नावाचा. संस्कृत ग्रंथांतली 'मेषशृंगी' म्हणजे हीच वेल, असं बरेच जण धरून चालतात. पण मराठीत मेढशिंगी म्हणून जे झाड ओळखतात ते वेगळंच: डॉलिकॅन्ड्रोन फाल्काटा. पांढऱ्या फुलांचा, वाकड्या लांब शेंगांचा, देशावरच्या माळावर दिसणारा वृक्ष. दोघांच्याही शेंगांना मेंढ्याच्या शिंगाची उपमा बसते, म्हणून नावं एकमेकांत मिसळली. बाजारात 'मेषशृंगी चूर्ण' मागितलंत तर पुडीत नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येईलच असं नाही.

दुसरा घोटाळा जीवावरचा. कुंपणावर रबरवेलही असते, तिला काही ठिकाणी विलायती वाखंडी म्हणतात. तीही याच मोठ्या कुळातली, पानं तशीच समोरासमोर, पण चकचकीत आणि गुळगुळीत. पान तोडलं की पांढराशुभ्र चीक येतो, आणि तो हृदयावर परिणाम करणारं विष आहे. तेव्हा 'कुंपणावरची वेल' एवढ्या ओळखीवर कोणी पानं चघळू नका. तुमच्या बाबांच्या पानाने गोडाची चव गेली, म्हणजे ती वेल बेडकीचीच आहे, तो प्रश्न मिटला.

आडवाट | १३ मे, सकाळी ९:५५

पाणकणीस, दंडवत घ्या. पानांना लव आहे, काल बघितली.

घाटपायथा | १३ मे, सकाळी ११:१०

आमचे चुलते वीस वर्षं हाच पाला खातायत, ८४ वय आहे, अजून शेतावर जातात. गोळी माहीत नाही. डॉक्टर लोकांचा धंदा बसेल म्हणून हे दाबून ठेवलंय. बाकी चालू द्या.

खवटखोबरे | १३ मे, सकाळी ११:१४

चुलत्यांना मधुमेह आहे हे कधी आणि कुठल्या तपासणीत कळलं?

घाटपायथा | १३ मे, सकाळी ११:३०

तपासणी कशाला करतील? पाला खातात ना.

खवटखोबरे | १३ मे, सकाळी ११:३१

🙏

सुंठवडा | १३ मे, दुपारी २:४५

मी बीएएमएस, बावीस वर्षं चिकित्सा करतोय. गुडमार माझ्याही कपाटात आहे, त्यामुळे 'आयुर्वेदविरोधी' हे लेबल मला लावू नये.

सुश्रुताने सूत्रस्थानात द्रव्यांचे गण सांगितलेत. त्यातल्या वरुणादि गणात मेषशृंगी येते, ती गुडमार धरली तर. हा गण कफ आणि मेद कमी करणारा. म्हणजे ज्याला आपण आज वजन वाढलेला, पोट सुटलेला, बैठ्या कामाचा रुग्ण म्हणतो त्याच्यासाठी ही दिशा बरोबरच आहे. पण तोच सुश्रुत प्रमेहाच्या चिकित्सेत पहिल्याच फटक्यात दोन प्रकार वेगळे करतो. एक सहज, म्हणजे जन्मजात दोषाने होणारा, आणि दुसरा अपथ्यनिमित्तज. दुसऱ्याच्या उपचारात द्रव्यं आहेत, आणि शिवाय काय आहे पाहा: ज्याच्याकडे पैसा नाही त्याने पायात जोडा नाही, डोक्यावर छत्री नाही असं भिक्षा मागत शंभर योजनं चालावं, गायींमागे हिंडावं, नाहीतर विहीर खणावी.

माझ्याकडे 'गुडमार द्या' म्हणून येणाऱ्यांपैकी विहीर खणायला कोणी तयार नसतं. पानं सगळ्यांना हवीत.

आणि एक सांगतो. गोडाची चव जाणं हा या पानाचा 'प्रभाव' फार ठळक आहे, म्हणून लोकांचा त्यावर जेवढा विश्वास बसतो तेवढा मेथीवर किंवा हळद-आवळ्यावर बसत नाही. डोळ्यांदेखत चमत्कार झाला की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. आडवाट, तुमच्या वडिलांचं तसंच झालंय. डोस वगैरे मी इथे लिहिणार नाही, कृपया व्यक्तिगत निरोप करू नये.

रात्रपाळी | १४ मे, पहाटे ३:२०

वॉर्डात जरा शांतता आहे तोवर लिहून घेते.

जिभेवर काय होतं ते आधी. गोड ओळखणारी ग्राहकं असतात, टी-वन-आर-टू आणि टी-वन-आर-थ्री या दोन प्रथिनांची जोडी. पानातली जिम्नेमिक आम्लं या जोडीला जाऊन चिकटतात आणि साखरेचा निरोप मेंदूकडे जाऊ देत नाहीत. दरवाजावरची बेल बंद केली, एवढंच. पाहुणा घरात शिरतोच. तो आतड्यातून रक्तात जातो, त्याला जिभेच्या परवानगीची गरज नाही.

आता रक्तातल्या साखरेबद्दल. इथे "सगळं थोतांड" म्हणणंही चूक होईल. हा इतिहास जुना आहे आणि त्यात आपली माणसंही आहेत. १८४७ मध्ये एजवर्थ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं होतं की पान चघळल्यावर चहातली साखर लागत नाही. १८८७ मध्ये उटकमंडला हूपरने पानांतून ते आम्ल वेगळं काढलं. १९३० मध्ये मुंबईच्या हाफकिन संस्थेतल्या म्हसकर आणि कायस या जोडीने या वनस्पतीवर सविस्तर अभ्यास छापला. जनावरांमध्ये साखर उतरते, आणि ती बहुधा स्वादुपिंडाला चेतवून, असं त्यांचं म्हणणं. पण त्याच सुमारास कलकत्त्यात कर्नल चोप्रांच्या चमूने पाल्याची पूड मधुमेहाच्या रुग्णांना देऊन पाहिली, तर त्यांना फरक दिसला नव्हता. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच दोन्ही बाजूंनी बोलायला माणसं होती!

ज्याचा सगळीकडे दाखला देतात ते काम १९९० चं, मद्रासचं. रोज ४०० मिलिग्रॅम अर्क, १८ ते २० महिने, टाइप टूचे २२ रुग्ण. बऱ्याच जणांचा गोळ्यांचा डोस कमी झाला, पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. ऐकायला मस्त. पण २२ च माणसं, आणि डॉक्टर-रुग्ण दोघांनाही माहीत की कोण काय घेतंय. आपण अभ्यासात आहोत म्हटलं की माणूस जिलबी आपोआप कमी खातो. आणि तो प्रमाणित केलेला अर्क होता, कुंपणावरची चार पानं नव्हेत. टाइप वनच्या (ज्यांना इन्सुलिन घ्यावंच लागतं अशा) २७ जणांवरही त्यांनी काम केलं, त्यांचं इन्सुलिन कमी झालं पण बंद झालेलं नाही. हे ठळक करून वाचा. टाइप वनचं मूल पाल्याच्या भरवशावर इन्सुलिनविना ठेवलेलं मी पाहिलंय, रात्रपाळीतच. पुढचं लिहीत नाही.

बाबांना लगेच डॉक्टरांकडे न्या. गोळ्या स्वतःहून जुन्या डोसने सुरू करू नका, आधी किडनीची तपासणी होऊ दे. आणि पाला चालू ठेवून ग्लिमेपिराइड घेतलं तर साखर एकदम उतरण्याचा धोका मी गंभीरपणे घेईन. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर साखरपाणी पाजायचं. पान चघळलेलं असेल तर ते त्यांना गोड लागणार नाही, तरी पाजायचंच. काम करतं ते.

खडीसाखर | १४ मे, सकाळी ६:५०

"बेल बंद केली, पाहुणा घरात शिरतोच." हे मी आता सगळीकडे वापरणार. वाचनखूण साठवली.

दूरदेशी | १४ मे, सकाळी ८:३०

ऑकलंडहून. इथे दुकानात जिम्नेमाच्या कॅप्सूल सर्रास मिळतात, जीवनसत्त्वांच्या रांगेत. मी एक वेगळा उपयोग सांगतो. इथल्या मॅसी विद्यापीठात २०२० मध्ये जिम्नेमिक आम्लाच्या पुदिन्याच्या गोळीवर अभ्यास झाला. गोळी चघळली की लोकांना चॉकलेट कमी आवडतं आणि पुढचं खाण्याची इच्छा कमी होते. रक्तातल्या साखरेचा दावा नाही, नुसता हात आवरण्याचा. मी स्वतः वापरून पाहिलं, संध्याकाळी ऑफिसातल्या बिस्किटांच्या डब्यासाठी. डबा उघडतो, एक खातो, भुसा लागतो, बंद करतो.

अवांतर: गोळी नसली की दुप्पट खातो.

कारभारीण | १४ मे, दुपारी १:१५

मला एक सांगा, मग ते टीव्हीवरचं आणि मेडिकलमधलं काय? त्या गोळ्यांत तर सरकारी संशोधन आहे म्हणतात. आमचे हे दोन वर्षं घेतात, इंग्रजी गोळीसोबत.

सुंठवडा | १४ मे, दुपारी ३:०५

कारभारीणताई, बीजीआर-३४ म्हणत असाल तर ते लखनौच्या दोन सरकारी प्रयोगशाळांतून आलंय. त्यात दारुहळद, गुळवेल, विजयसार, मंजिष्ठा, मेथी आणि गुडमार आहे. आयुष-८२ ही आयुष मंत्रालयाच्या संशोधन परिषदेची. तिच्यात आंब्याची कोय, कारल्याचं बी, जांभळाचं बी, गुडमारचा पाला आणि सोबत शिलाजित. दोन्हींत गुडमार हा अनेकांतला एक. सोबत म्हणून घेताय, डॉक्टरांना सांगून घेताय, तर माझा आक्षेप नाही. न सांगता घेऊ नका.

मात्र 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात दिसली तर ती १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यात बसत नाही. त्याच्या परिशिष्टात मधुमेह नावानिशी आहे. दर रविवारच्या पुरवणीत तो कायदा मोडलेला दिसतो, ते सोडा.

लॅबवाले_नाना | १४ मे, रात्री ९:४०

तीस वर्षं रक्त काढतोय. दोन गोष्टी सांगतो.

एक. लोक 'फास्टिंग'च्या आदल्या रात्री जेवत नाहीत, आठ दिवस भात सोडतात आणि मग म्हणतात पाल्याने उतरली. एचबीएवनसीला असं गंडवता येत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे मागच्या तीनेक महिन्यांचा हिशेब ती मांडते. चुलत्यांची, काकांची, बाबांची गोष्ट सांगताना हा आकडा सोबत आणा, नाहीतर ती फक्त गोष्ट.

दोन. आडवाट, तुमच्या बाबांना रात्रपाळीताईंची ग्राहकं समजणार नाहीत, पण ते रोज दोन चमचे साखरेचा चहा पितातच ना? मग उद्या ग्लुकोमीटर घेऊन बसा. पाला चघळायच्या आधी एक टोचणी. मग त्यांचा नेहमीचा चहा. तासाने दुसरी टोचणी. जास्तीचं काही खायला घालू नका, जे रोज करतात तेच करू द्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच बोटातून येईल.

घाटपायथा | १४ मे, रात्री ९:५८

ग्लुकोमीटर कंपन्यांचेच असतात.

लॅबवाले_नाना | १४ मे, रात्री १०:०२

पाला कोणाचा आहे ते सांगा, त्यांचं मीटर वापरू.

आडवाट | १६ मे, सायंकाळी ६:३०

केलं. नाना, साष्टांग.

काल चार वाजता, ओटीवर. पाला चघळण्याआधी २३६. मला तिथेच घाम फुटला. मग पाला, मग चहा आणि दोन बटर. चहाचा घोट घेऊन बाबा म्हणाले, "बघ, पाणी लागता." पाच वाजता पुन्हा टोचलं. ३१२.

बाबांनी मीटर हातात घेतलं, चष्मा लावला, उलटं करून मागे बघितलं. मग म्हणाले, "तुजी मशिन बिगडली हा." शेजारच्या काकूंना मधुमेह नाही, त्या कुतूहलाने येऊन बसल्या होत्या. त्यांचं टोचलं, ११८ आलं. त्यानंतर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. सुपाऱ्या सोलत बसले. रात्री जेवताना म्हणाले, "म्हणजे वाढता ती वाढताच. माका नुसती कळणा नाय."

मी चार दिवस जे वाक्य शोधत होतो ते त्यांनीच म्हटलं.

आज सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. एचबीएवनसी १०.९. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, ठीक आहे, नशीब. मेटफॉर्मिन पुन्हा सुरू, दुसरी गोळी बदलून दिलीय. डोळे तपासायला पुढच्या आठवड्यात सावंतवाडीला नेतोय. मेटफॉर्मिन लिहिताना डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की हीही मुळात एका झाडपाल्यावरूनच आलीय. बाबांचा चेहरा तेवढ्यापुरता खुलला. खरंय का हे, की समजूत काढली?

रात्रपाळी | १६ मे, रात्री ११:५०

खरं आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती पूर्वापार वापरात होती. तिच्यातल्या ग्वानिडिन जातीच्या रसायनांवरून शोध सुरू झाला. मूळ पदार्थ विषारी होता, म्हणून त्याची भावंडं प्रयोगशाळेत बनवून पाहिली. १९५७ मध्ये पॅरिसमध्ये जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिन रुग्णांवर वापरून निष्कर्ष छापले. म्हणजे पाल्यापासून गोळीपर्यंतचा रस्ता गेलेला आहे, फक्त तो मधे मोजमापातून जातो. गुडमार त्या रस्त्यावर अजून अर्ध्यातच आहे.

डोळे तपासताय ते उत्तम. पायही बघून घ्या, बोटांच्या बेचक्यासुद्धा. कोकणात अनवाणी फिरतात आणि जखम कळत नाही.

खवटखोबरे | १७ मे, सकाळी ८:१०

माझी एक शंका, खवटपणा बाजूला ठेवून. नुसतं पान चघळल्याने काही नुकसान आहे का? म्हणजे गोळ्या चालू ठेवून, चवीपुरतं.

सुंठवडा | १७ मे, दुपारी १२:२५

अधूनमधून एखादं पान, ओळख पटलेल्या वेलीचं, यात मला भीती वाटत नाही. रोज भरपूर, महिनोन्‌महिने, किंवा अज्ञात पुडी, हे वेगळं. गुडमारनंतर यकृताला सूज आल्याची एका रुग्णाची नोंद २०१० मध्ये छापली गेलीय. गुळवेलीने यकृताला इजा होते का, यावरून २०२१ मध्ये मुंबईत काय वाद झाला ते आठवत असेलच. आणि पुड्यांचं तर विचारूच नका. साखरेवरच्या 'शुद्ध हर्बल' पुड्यांत ग्लिबेनक्लामाइड आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची इंग्रजी औषधं मिसळलेली सापडल्याच्या नोंदी आहेत. पुडीने फारच झपाट्याने साखर उतरली तर मला आनंद होत नाही, संशय येतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर पाला, पुडी सगळं आधीच डॉक्टरांना सांगा.

पाणकणीस | १७ मे, दुपारी ४:००

आणि वेल उपटू नका! मागणीमुळे रानातली गुडमार ओरबाडली जातेय. बी फार दिवस टिकत नाही, ताजंच पेरावं लागतं. पावसाच्या तोंडाला काडी लावा, आधाराला जाळी द्या.

कारभारीण | १९ मे, सकाळी १०:३०

आमच्या ह्यांना धागा वाचून दाखवला. दोन वर्षांत त्यांनी एचबीएवनसी केलंच नव्हतं. उद्या जातायत. नाना, उपाशी जायचं का?

लॅबवाले_नाना | १९ मे, सकाळी १०:४५

एचबीएवनसीला उपाशी राहायची गरज नाही ताई. साखरही द्यायची असेल तर मात्र रात्रीच्या जेवणानंतर आठ-दहा तास काही न खाता या. पाणी प्या.

खडीसाखर | सप्टेंबर २१, रात्री ८:००

धागा वर काढतेय. आडवाट, बाबा कसे आहेत? गणपतीला गेला असालच.

आडवाट | सप्टेंबर २२, सकाळी ७:४०

गेलो होतो. एचबीएवनसी ८.२ वर आलंय, डॉक्टर म्हणतात अजून उतरायला हवं पण दिशा बरोबर. डाव्या डोळ्यात पडद्यावर थोडे बदल आहेत, दर सहा महिन्यांनी दाखवायचंय. पाच महिन्यांचं ते बिल म्हणायचं की चौदा वर्षांचं, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. सकाळी वाडीच्या टोकापर्यंत चालत जातात. सुंठवडा, त्यांना शंभर योजनांचं सांगितलं तर म्हणाले, विहीर आधीच खणून झाली, बासष्ट साली, ती पण बापाने.

बेडकीची वेल अजून कुंपणावर आहे. मी काही बोललो नाही. पाणकणीस यांनी सांगितल्याप्रमाणे एक काडी इथे आणून लावली, फुटवा आलाय.

खडीसाखर | सप्टेंबर २२, सकाळी ९:१५

आणि उकडीचे मोदक? खरं सांगा.

आडवाट | सप्टेंबर २२, सकाळी ९:३०

एक खाल्ला, तूप घालून, अगदी सावकाश. मग उठून कुंपणाशी गेले आणि दोन पानं चघळून आले. बायकोने दुसरा वाढायला घेतला तर म्हणाले, "आता वाढ कितीय, माका पीठच लागतला."

खवटखोबरे | सप्टेंबर २२, सकाळी ९:३३

आधी मोदक, मग पाला. बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.